रिकाम्या सभागृहाला जास्त गुण

मी गावांना गुण देत असे. शाळेत मुलांना देतात तसेच, फक्त आकड्यांऐवजी इंग्रजी अक्षरांत. एखाद्या महापालिकेला किंवा नगरपालिकेला बाजारातून कर्ज उभं करायचं असलं, की कर्ज देणारे आधी विचारतात, हे गाव पैसे फेडेल का? त्याचं उत्तर शोधून अक्षरात लिहून द्यायचं, याला पतमानांकन म्हणतात. अक्षर चांगलं असलं तर व्याज कमी, वाईट असलं तर जास्त. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एका इमारतीत, काचेच्या दाराआड, मी हे काम काही वर्षं केलं. आता करत नाही. का करत नाही ते सांगण्यासाठी या अंकाची पानं अडवते आहे.

नोकरीच्या आठवणी निवृत्तीनंतर लिहायच्या असतात असा आपल्याकडे संकेत आहे. माझं वय तेवढं नाही. पण बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, आणि तो ओसरल्यावर लिहिलं तर मी समंजसपणे लिहीन अशी मला भीती वाटते.

आमचं घर पत्रकांचं. बाबांचा कसब्यात लहानसा छापखाना होता. पोट लग्नपत्रिकांवर आणि जीव पत्रकांवर. संप, मोर्चा, पाणीटंचाई, बसची भाडेवाढ, कशाचंही पत्रक आमच्याकडे छापलं जाई आणि घड्या मी घालत असे. वाचायला शिकले ती त्यांवरच. त्यामुळे कितीतरी दिवस मला वाटायचं, की लिहिलेल्या कोणत्याही मजकुराची सुरुवात 'नागरिकहो' अशीच करतात. मामाला पहिलं पत्र लिहिलं तेही तसंच.

त्या पत्रकांत 'कर्ज' हा शब्द आला की त्याच्या मागोमाग बेडी, फास किंवा गुलामी ठरलेली. त्यामुळे मला ही नोकरी लागली तेव्हा बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. मी काम समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे सावकाराच्या वतीनं मुलगी पाहायला जायचं. पोहे देतात का?"

पोहे खरंच देत. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पालिकेत जा, मुख्य लेखापालांच्या खोलीत आधी पोहे येतात, मग ताळेबंद.

आमच्या विभागाचे प्रमुख वैद्य सर. सदाशिव पेठेत वाढलेले, बोलणं मोजकं आणि त्यातलं निम्मं तिरकं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, की राजाला कर्ज देणं सुरक्षित की सभेला? मला यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. राजाकडे फौज असते, खजिना असतो, राजाला. सर म्हणाले, "वा. आपण बुडालात."

मग त्यांनी जे सांगितलं त्यानं मी पहिल्यांदा हादरले. राजा कर्ज काढतो ते स्वतःच्या शब्दावर. तो मेला की मुलगा म्हणतो, वडिलांचं देणं वडिलांबरोबर गेलं. जिवंत असला आणि फेडायचं नसलं, तर सावकारालाच तुरुंगात घालतो. त्याच्यावर फिर्याद कुणाकडे करणार? म्हणून युरोपातल्या मोठमोठ्या राजांना जबर व्याज पडे, आणि शेजारच्या एखाद्या व्यापारी शहराला, ज्याचा ना दरारा ना फौज, तेच पैसे स्वस्तात मिळत. कारण शहराची सभा असे. सभेत शहराला पैसे देणारेच बसलेले असत. आपलेच पैसे बुडवायचा ठराव कोण मांडणार? शिवाय राजा मरतो, सभा मरत नाही. माणसं बदलतात, शब्द सभेचा राहतो. इंग्लंडमध्ये संसदेनं राजा बदलून कर आणि कर्ज या दोन्हींच्या नाड्या आपल्या हातात घेतल्या, आणि त्यानंतर त्या देशाला पूर्वीपेक्षा कितीतरी कमी व्याजानं पैसे मिळू लागले. फ्रान्सच्या राजाची तिजोरी रिकामी झाली म्हणून त्याला कित्येक पिढ्या न भरवलेली सभा बोलवावी लागली. सभेनं पुढे राजाच ठेवला नाही.

मला शिकवलं होतं की लोकशाही रस्त्यावरून आली. इथे कळलं की तिचा एक पाय सावकाराच्या पेढीत आहे. राजाला पैसे हवे होते, देणाऱ्याला हमी हवी होती, आणि त्या हमीचं नाव संसद. मी त्या दिवशी बसनं कोथरूडला घरी जाताना दोन थांबे पुढे गेले.

घरी बाबांना सगळं सांगितलं. काहीशा विजयी सुरात, हे कबूल करते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सभेत बसले ते पैसे देणारे. फेडणारे कुठे बसले?"

मी म्हटलं, तेही आले की नंतर.

"नंतर म्हणजे आपोआप नाही आले. त्यासाठी किती मोर्चे निघाले ते तुझ्या सरांना विचार. आणि आपल्याकडचं विचार. इंग्रजांनी लंडनमध्ये कर्ज काढलं, नाव हिंदुस्थानचं लावलं, व्याज इथल्या शेतसाऱ्यातून नेलं. कोणत्या सभेला विचारलं?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "वडील बरोबर आहेत. वडिलांना सांगू नका."

अशा रीतीनं दोन शिक्षक मिळाले आणि मला कामाची गोडी लागली. मला वाटायला लागलं की मी सावकाराची नोकर असेन, पण सावकाराला सभा हवी असते. म्हणजे मी सभेच्याही बाजूची. या एका समजुतीवर मी ती नोकरी केली. समजूत पक्की करणारे प्रसंगही आले. मराठवाड्याच्या वाटेवरच्या एका लहान नगरपालिकेत मला सगळ्या नगरसेवकांसमोर उभं करण्यात आलं. त्यात पानाचं दुकान चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी मला प्रत्येक अटीचा अर्थ विचारला आणि पुन्हा विचारला. या धंद्यात एक खास खातं असतं, त्याला एस्क्रो म्हणतात. गावाचा मिळकतकर जमा झाला, की तो पालिकेच्या तिजोरीत जाण्याआधी त्या खात्यात जातो. तिथून रोखेधारकांचा, म्हणजे कर्ज देणाऱ्यांचा हप्ता बाजूला निघतो. उरेल ते पालिकेचं. झाडूवाल्यांचा पगार, दिवाबत्ती, शाळा, सगळं त्यातून. हे ऐकून ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे पगाराच्या दिवशी मी घरी पोचायच्या आधी सावकार माझ्या खिशात हात घालणार, आणि उरलेलं बायकोला देणार."

मी म्हटलं, साधारण तसंच.

"मग बायकोला विचारलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब करवला. वॉर्डावॉर्डात बैठका झाल्या. भांडणं झाली. कर्जाची रक्कम कमी झाली, मुदत वाढली, आणि मग ते मंजूर झालं. त्या गावानं एकही हप्ता चुकवलेला नाही. आम्ही त्या गावाचं अक्षर एका पायरीनं कमी ठेवलं होतं, कारण आमच्या तक्त्यात एक ओळ होती: राजकीय हस्तक्षेपाचा धोका. तिथे मी 'जास्त' असं लिहिलं. पद्धत तशी होती. ती ओळ मला तेव्हाच खुपायला हवी होती, पण मला ती नुसती जुनाट वाटली. कुणीतरी कंटाळून लिहिली असेल आणि पुसायची राहिली असेल, अशी.

आता मूळ प्रकरणाकडे येते. पुण्याहून सकाळी निघालं तर जेवणाच्या आधी पोचता येतं अशी एक महापालिका. नाव लिहीत नाही. तिला पाण्याच्या मोठ्या योजनेसाठी कर्जरोखे काढायचे होते आणि काम माझ्याकडे आलं. आपल्या राज्यात निवडणुका लांबत गेल्या आणि पालिकांवर प्रशासक बसले, त्या काळातली ही गोष्ट. नगरसेवकांची मुदत संपलेली, नवे निवडून आलेले नाहीत, आणि आयुक्तच प्रशासक.

आमच्या कामात कर्जाला मंजुरी देणारा ठराव बघावा लागतो. मी नगरसचिवांकडे गेले. नगरसचिव म्हणजे सभांचं कामकाज सांभाळणारा अधिकारी. हे साळवी नावाचे, अतिशय नेमके गृहस्थ. ते म्हणाले, ठराव आजच होतो आहे, सभेला बसा.

मी गॅलरीत जाऊन बसले. खाली अर्धवर्तुळात बाकं, प्रत्येकावर ध्वनिक्षेपक, धूळ पुसलेली. त्या सगळ्या बाकांवर कोणी नव्हतं. कडेच्या खुर्च्यांवर काही खातेप्रमुख. प्रशासक साहेब आले आणि अध्यक्षांच्या जागेवर बसले. साळवी उभे राहिले आणि त्यांनी विषय वाचला: कर्जरोखे उभारण्याबाबत माननीय आयुक्तांनी स्थायी समितीपुढे ठेवलेला प्रस्ताव. आयुक्त म्हणजे तेच. स्थायी समिती म्हणजेही आता तेच. साहेबांनी मान हलवली. साळवींनी लिहून घेतलं. मग स्थायी समितीची सभा संपल्याचं जाहीर झालं, साहेब बाहेर गेले, चहा घेऊन परत आले आणि महापौरांच्या खुर्चीवर बसले, कारण आता मुख्य सभा सुरू होत होती. साळवींनी पुन्हा वाचलं: स्थायी समितीनं शिफारस करून मुख्य सभेकडे पाठवलेला विषय.

आणि मग ते थांबले. नियमाप्रमाणे या टप्प्यावर नगरसचिवानं विचारायचं असतं, की सभासदांपैकी कोणाची उपसूचना आहे का. उपसूचना म्हणजे ठरावात सुचवलेला बदल. साळवींनी विचारलं. रिकाम्या बाकांकडे पाहून, आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि माणसाला हात वर करायला जेवढा वेळ लागतो तेवढे ते खरोखर थांबले. मग बसून लिहिलं: उपसूचना नाही, सर्वानुमते मंजूर.

कोणी हसलं नाही. मला सर्वांत जास्त धक्का त्याचा बसला. मी आजूबाजूला पाहत होते की कुणाच्या तरी चेहऱ्यावर काहीतरी उमटेल. एक अधिकारी मोबाइल बघत होता. एका गावाच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या घरपट्टीवर बोजा चढला होता आणि तो प्रस्ताव मांडणारा, तपासणारा, मंजूर करणारा माणूस एकच होता. त्याचा दोष म्हणावा तर तोही नाही. कायद्यानं त्याला तिन्ही खुर्च्या दिल्या होत्या. माणूस कामसू होता, पाणी आणायची त्याला खरी तळमळ होती. पण मी डोळ्यांनी राजा बघितला होता, आणि तो बदली होऊन जाणारा राजा होता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये बायकांचा एक घोळका भिंतीला टेकून उभा होता. त्यांच्या पुढे पन्नाशीच्या, उंच, डोक्यावरून पदर घेतलेल्या एक बाई. त्यांनी मला अडवलं.

"सभा सुटली का?"

मी म्हटलं, हो.

"कोण कोण व्हतं?"

"साहेब होते."

"आन?"

"साहेबच होते," मी म्हटलं. यावर मात्र त्या हसल्या. त्या दिवशी त्या इमारतीत हसलेलं मी पाहिलेलं ते पहिलं माणूस.

या सुमनताई. पालिकेच्या हद्दीत नुकत्याच घेतलेल्या एका गावच्या शेवटच्या सरपंच. गाव पालिकेत गेलं तेव्हा ग्रामपंचायत बरखास्त झाली. पालिकेत निवडणूक नाही म्हणून नगरसेवक नाही. "मी आता कुणीच न्हाई," त्यांनी सांगितलं. "तरी लोक माझ्याच दारात येत्यात. दुसरं दार हाय कुठं?" लोक येत होते ते मिळकतकरासाठी. पालिकेनं गावातल्या घरांना शहराच्या दरानं कर लावला होता. पाणी अजून टँकरचं, रस्ता अजून ग्रामपंचायतीनं केलेला. पालिकेत जायला गावाला सुमनताईंनीच राजी केलं होतं. पाणी येईल आणि कर हळूहळू वाढेल, असा शब्द त्यांनी देवळासमोर उभं राहून दिला होता. तो शब्द त्यांना तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी दिलेला होता, आणि ते अधिकारी बदलून गेले होते.

मी कोण ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. तो कर आता कर्जासाठी बांधला जाणार, हेही सांगितलं, कारण ते गुपित नव्हतं. त्यांनी ते नीट समजून घेतलं. कर्जाला त्यांचा विरोध नव्हता. पाणी पाहिजेच होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "कर्ज काढा. फेडू. आमच्या बापजाद्यांनी बी फेडलीत. पर आमाला इचारलं न्हाई, एवढं तुमच्या त्या कागदात लिव्हा. एक वाक्य. मी गावाला दाखवंन, का बाबांनो, निदान लिवलं तरी हाय."

मी हो म्हटलं. शब्द देणाऱ्यांच्या रांगेत मी आता तिसरी, हे मला परतीच्या वाटेवर कात्रजच्या घाटात सुचलं.

पुण्यात येऊन मी अहवाल लिहिला. अशा अहवालात एका बाजूला जमेच्या गोष्टी असतात, दुसऱ्या बाजूला कमकुवत बाजू. कमकुवत बाजूत मी लिहिलं: या कर्जासाठी जो कर बांधला जाणार आहे तो भरणाऱ्यांचा एकही निवडून आलेला प्रतिनिधी ठराव होताना सभागृहात नव्हता.

वैद्य सरांनी वाचलं. "वाक्य छान आहे. घडी घालून वाटता येईल."

मी म्हटलं, सर, हे पत्रक नाही, हे आपल्याच धंद्याचं आहे. आणि मी त्यांचाच धडा त्यांना म्हणून दाखवला. राजाचं कर्ज मुलगा नाकारतो. उद्या निवडणूक होईल, नवे नगरसेवक येतील आणि म्हणतील, आम्ही काढलं नाही, आम्हाला विचारलं नाही. ज्या भीतीनं सावकारानं शेकडो वर्षं सभा मागितली ती भीती इथे पुन्हा उभी आहे. यानं अक्षर खाली यायला हवं. सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, समितीसमोर हेच बोला, मी अडवणार नाही. त्यांनी अडवलंही नाही.

गुण अंतिम करणाऱ्या आमच्या समितीत सर आणि पडद्यावर मुंबईचे दोघे. मी बोलले. माझ्या मते मी आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण केलं, आणि त्यात एकदाही 'नागरिकहो' आलं नाही. मुंबईच्या एकांनी विचारलं, की नवे सभासद कर्ज नाकारतील असं मला खरंच वाटतं का. मी म्हटलं, नाकारू शकतील. यावर सर बोलले. आवाज अगदी साधा होता.

"नाकारू देत. खातं त्यांच्या हातात आहे कुठे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. कारण ते बरोबर होतं. कर आधी एस्क्रोत जाणार. सभागृहात कोणी असो, नसो, ओरडो, नाचो, हप्ता त्याच्या आधी निघालेला असणार. करारात अटही होती, की रोखेधारकांच्या वतीनं कर्जावर लक्ष ठेवणाऱ्या विश्वस्तांच्या परवानगीशिवाय कराचा दर कमी करता येणार नाही. पेशवाईत सावकाराला अमुक परगण्याच्या वसुलावर वरात देत, म्हणजे वसूल त्यानं परस्पर घ्यावा. तीच वरात, आता संगणकावर. ज्याला परस्पर मिळतं त्याला सभेची हमी कशाला लागेल?

समितीनं माझं वाक्य काढलं नाही. त्यांनी ते हलवलं. भाषा बदलली आणि ते जमेच्या बाजूला गेलं: लोकनियुक्त सभागृह नसल्यामुळे निर्णयांत सातत्य, राजकीय हस्तक्षेपाचा धोका कमी. त्या ओळीचे गुण वाढले आणि त्या वाढीनं गावाचं अक्षर एक पायरी वर गेलं. जिथे भांडून, बैठका घेऊन कर्ज मंजूर झालं ते गाव खाली, आणि रिकामी बाकं वर.

पँट्रीत मी सरांना गाठलं. मी म्हटलं, तुम्हीच मला शिकवलंत. ते कपात चमचा फिरवत राहिले.

"मी इतिहास शिकवला, रेवतीबाई. तो खरा आहे. सावकाराला सभा हवी होती कारण त्याला तिच्यात बसायचं होतं. ती त्याची गरज होती. तुम्ही तिला प्रेम समजलात."

"आणि तुम्ही?"

"मीही समजत होतो," ते म्हणाले. "बरीच वर्षं." मग त्यांनी चहा न पिताच कप धुऊन ठेवला.

सुमनताईंना फोन मीच केला. म्हटलं, तुमचं वाक्य अहवालात आहे, पण चांगल्या गोष्टींच्या यादीत आहे. त्यांना आधी कळेना. मी पुन्हा सांगितलं.

"म्हंजी आमी तिथं न्हवतो ते बरं झालं, आसं?"

"हो," मी म्हटलं. "असंच लिहिलंय."

त्यांनी मला दोष दिला नाही. गावाला ते वाक्य त्यांनी दाखवलं की नाही, हे मी विचारलं नाही. तेव्हाच राजीनामा दिला असं लिहायला मला आवडलं असतं. पण त्या महापालिकेचा दर वर्षीचा फेरआढावा माझ्याकडे होता आणि मला तो दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नव्हता. घरभाडं हेही कारण होतं. बाबांचा छापखाना तोवर बंद झाला होता, आणि सगळी पत्रकं आता मोबाइलवर येतात आणि त्यांना घडी घालावी लागत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

अखेर निवडणुका झाल्या. सुमनताई उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. पहिल्या कामकाजाच्या मुख्य सभेला त्यांनी मला बोलावलं. मी बाबांनाही नेलं. गॅलरीत आम्ही दोघं शेजारी बसलो. खाली बाकं भरलेली, गोंगाट, एकमेकांना टोमणे, कुणीतरी कुणाच्या तरी जागेवर बसलेलं. मिळकतकराचा विषय आला. साळवींनी विचारलं, उपसूचना आहे का? सुमनताई उठल्या. समाविष्ट गावांत पाणी पोचेपर्यंत कर टप्प्याटप्प्यानं घ्यावा. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पक्षांनी अनुमोदन दिलं. बाकं वाजली. बाबांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला अजून शाईचा वास येतो असं मला उगाच वाटलं.

मग साळवी उभे राहिले आणि त्यांनी अत्यंत नेमकेपणानं कराराची अट वाचून दाखवली. सभागृहाचा ठराव विश्वस्तांकडे संमतीसाठी पाठवला जाईल. संमती मिळेपर्यंत जुना दर कायम. खाली एकदम गलका झाला. सुमनताई उभ्याच होत्या. त्यांनी साळवींना विचारलं, हे विश्वस्त कुठल्या वॉर्डातून निवडून आलेत? साळवींनी नियमानुसार उत्तर दिलं, की हा प्रश्न कार्यपत्रिकेवर नाही.

फेरआढावा पुढच्याच महिन्यात होता. हप्ते वेळेवर, वसुली चांगली, आकड्यांत बोट ठेवायला जागा नव्हती. मी लिहिलं, सगळं स्थिर. समितीनं ते मान्य केलं नाही. अक्षर तेच ठेवलं, पण पुढच्या काळाबद्दलचा शेरा 'स्थिर'वरून 'नकारात्मक' केला. कारणाची ओळ मी लिहावी, असं मला सांगण्यात आलं: लोकनियुक्त सभागृह अस्तित्वात आल्यानं आणि त्यानं करनिर्णयात हस्तक्षेप केल्यानं धोका वाढला आहे. मी ती टंकायला बसले. 'लोकनियुक्त' हा शब्द लिहिला, 'धोका' हा शब्द लिहायच्या आधी उठले आणि सरांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. सरांनी तो वाचला, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक सुधारली आणि खाली सही केली. ओळ दुसऱ्या कुणीतरी पूर्ण केली.

हे सगळं मी ज्यांना ज्यांना सांगते ते म्हणतात, असं थोडंच लिहितात. लिहितात. छापलेलं आहे. कुणालाही वाचता येतं. त्यात कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी पैसे खाल्लेले नाहीत. प्रत्येकानं आपापलं काम नियमाप्रमाणे केलं. निवडणूक झाली म्हणून एका शहरावर नकारात्मक शेरा बसला, आणि ती ओळ पूर्ण करताना कुणाचा हात अडखळला नाही, याची मला अजून सवय झालेली नाही.

बातमी स्थानिक वर्तमानपत्रात आली त्या सकाळी सुमनताईंचा फोन आला. मागे बायकांचे आवाज येत होते.

"पेपरात आलंय, आपल्या शहराला धोका वाढला म्हणून. कसला वं? धरणाचं काय हाय का?"

"नाही ताई."

"मंग कुणाचा धोका?"

होतं तेच सांगितलं.

"तुमचा, ताई. तुम्ही निवडून आलात, त्याचा."

त्यांनी बाजूच्या कुणालातरी गप्प बसायला सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग व्हऊ की धोका. मंगळवारी परत सभा हाय. वडलांना घिऊन या."